आप्पा पाटणकरांचं गाव

ऑगस्ट संपत आला की एडमंटनच्या आप्पा पाटणकरांकडे वाचन असायचं. गुढीपाडव्याला आपल्याकडे पंचांग काढून वर्षफल वाचतात ना, तसंच. आप्पा दाढी करून, इस्त्रीचा शर्ट घालून डायनिंग टेबलाशी बसायचे. आम्ही चार-पाच जण समोर. मग चष्मा पुसून, घसा साफ करून ते कॉम्प्युटरवरून छापून घेतलेला कागद वाचायला घ्यायचे. कागदावर असायची फिनलंडमधल्या एका लहानशा गावातल्या आइस हॉकी क्लबच्या ज्युनियर संघाची नवी यादी. सोळा-सतरा वर्षांच्या पोरांची नावं. त्यातलं एकही पोरगं आप्पांनी कधी डोळ्यांनी पाहिलेलं नव्हतं.

"आधी गोली," आप्पा म्हणायचे. "गणपतीला पहिलं वंदन, तसं." गोली म्हणजे गोलकीपर. मग डिफेन्स, मग फॉरवर्ड. नुसती नावं वाचून भागायचं नाही, प्रत्येक नावावर भाष्य असायचं. "हा बेकरीवाल्याचा नातू असणार. आजोबा डावखुरा होता. बाप डावखुरा. हाही डावखुराच निघेल, बघा. घराणं आहे." एखादं आडनाव ओळखीचं नसलं की आप्पा थोडे अस्वस्थ व्हायचे. "हे कोण? बाहेरून आलेले दिसतात." हे सगळं सांगणारा माणूस जन्माने कऱ्हाडचा, राहणार कॅनडाचा, आणि 'बाहेरून आलेले' कोण, तर फिनलंडमधलेच फिनिश लोक!

वाचन चालू असताना मालतीकाकू स्वयंपाकघरात शिरा ढवळत असायच्या. मला यातलं काही कळत नाही, असं त्या दहा वेळा सांगायच्या. पण शेवटचं नाव वाचून झालं की आतून त्यांचा प्रश्न यायचाच.

"पुरतात का?"

"पुरतात," आप्पा म्हणायचे. मग शिरा बाहेर यायचा.

हॉकीचा संघ उभा राहायला दोन गोली आणि निदान पंधराएक पोरं लागतात. त्या गावात पोरंच कमी होत चालली होती. कागदाची गिरणी आक्रसली होती, तरुण माणसं मोठ्या शहरांकडे निघाली होती. ज्या वर्षी नावं पुरणार नाहीत, त्या वर्षी ज्युनियर संघ शेजारच्या मोठ्या गावाच्या क्लबात विलीन होणार, हे ठरलेलं होतं. आणि आप्पांचं ठाम मत होतं की एकदा खालचा संघ गेला की वरचाही टिकत नाही. "बेणं संपलं की फड संपला," ते म्हणायचे. उसाच्या मुलखातला माणूस, त्याला दुसरी उपमा कशाला सुचेल? यादी दर वर्षी थोडी आखूड होत होती, आणि आप्पांचं 'पुरतात' थोडं हळू.

माझी आणि आप्पांची ओळख झाली ती पाण्याच्या पाइपमुळे. आम्ही नागपूरहून आलो ते नेमके जानेवारीत. मिलिंदला, माझ्या नवऱ्याला, तेलाच्या क्षेत्रातल्या एका कंपनीत नोकरी होती आणि आप्पांचं बेसमेंट आम्ही भाड्याने घेतलं होतं. दुसऱ्याच दिवशी संध्याकाळी दारावर टकटक झाली. उघडते तर कानटोपी घातलेले आप्पा, हातात बागेचा लांबलचक पाइप.

"चला नागपूरकर, आज तुमची बारी."

"कसली बारी?"

"पाण्याची."

मी नागपूरची. मला वाटलं, इथेही नळाला दिवसाआड पाणी येतं की काय! मी घाईघाईने बादल्या शोधायला लागले. आप्पा इतके हसले की त्यांना भिंतीचा आधार घ्यावा लागला. मग त्यांनी मला मागच्या अंगणात नेलं. तिथे फळ्या उभ्या करून त्यांनी चौकोन केला होता आणि आत बर्फाची रिंक होती. रोज संध्याकाळी तिच्यावर पाण्याचा एक थर द्यायचा, म्हणजे सकाळपर्यंत काचेसारखी होते.

"बर्फाला पाणी घालायचं?" मी दात वाजवत विचारलं.

"उसाला घालतात, बर्फाने काय घोडं मारलंय? मागे मागे चालत ये. पातळ घाल गं, पातळ! एकदम ओतलंस की पापुद्रा धरतो, आणि खाली पोकळ राहतं. माणसांचंही तसंच असतं."

हे शेवटचं वाक्य आप्पा कशालाही जोडायचे. कुकरच्या शिट्टीलाही मी ते जोडलेलं ऐकलंय.

त्या संध्याकाळी, माझी बोटं गारठून लाकूड झालेली असताना, आप्पांनी मला त्यांचं गाव सांगितलं. आप्पा 'गाव' म्हणाले की ते फिनलंडमधलं, कऱ्हाड नव्हे. महाराष्ट्र मंडळात नवीन आलेले लोक हमखास फसायचे. "आप्पा, गावाकडे पाऊसपाणी कसं?" असं कोणी विचारलं की आप्पा तिथली बर्फवृष्टी सांगायला लागायचे. गावाचं खरं नाव इतकं लांब होतं की मला ते आजही एका दमात म्हणता येत नाही.

तरुणपणी आप्पा आपल्याकडच्या एका कागद गिरणीत इंजिनियर होते आणि मशीनचं शिक्षण घ्यायला कंपनीने त्यांना दोन हिवाळ्यांसाठी तिकडे धाडलं होतं. दुपारी तीनला अंधार. कोणी बोलत नाही. भाषा कळत नाही. "खोलीत बसून मी भिंतीला मराठीतून शिव्या द्यायचो," आप्पा म्हणाले. "कोणीतरी मराठी बोलतंय एवढं तरी कानावर पडावं म्हणून." मग एका संध्याकाळी तोइवो नावाचा त्यांचा फोरमन आला, काही न बोलता आप्पांच्या हातात पाइप दिला आणि शाळेमागच्या मैदानात घेऊन गेला. तिथे गावकरी आळीपाळीने रिंकवर पाणी घालत. ज्याने पाणी घातलं त्याला शेडमधल्या शेगडीजवळ जागा आणि कॉफी. दुसऱ्या आठवड्यात शेडच्या भिंतीवरच्या पाटीवर तोइवोने खडूने आप्पांचंही नाव लिहिलं. बुधवार, पाटणकर.

"कृष्णेकाठी आमच्या शेताला पाण्याची बारी होती, तशी ती तिथे लागली," आप्पा म्हणाले. "ज्या गावात आपली बारी लागते ना, ते आपलं गाव. बाकी सगळे पत्ते."

त्या क्लबाचा इतिहास आप्पा पोवाड्याच्या आवेशात सांगायचे. खरं तर इतिहास बेताचाच. गिरणीच्या कामगारांनी युद्धानंतर सुरू केलेला संघ. पहिल्या गोलची जाळी मासे धरायच्या जाळ्यांची. निळी जर्सी, कारण गिरणीत निळा रंग उरला होता. आणि सगळ्या आयुष्यात एकदाच, फक्त एका हंगामासाठी, वरच्या लीगमध्ये गेलेला क्लब. "मग?" मी विचारलं. "मग काय, सगळे सामने हरून खाली आलो," आप्पा अत्यंत समाधानाने म्हणाले. एडमंटन हे हॉकीचं वेड लागलेलं शहर. इथल्या मोठ्या संघाचा सामना असला की रस्ते ओस पडतात. आप्पांना त्याचं काही नव्हतं. "ते श्रीमंताघरचं लग्न आहे. लांबून रोषणाई बघावी. आपल्याला पंगतीला कोण बोलावतंय?"

अशी सहा-सात वर्षं गेली. आम्ही बेसमेंटमधून निघून दोन गल्ल्या पलीकडे घर घेतलं, पण मंगळवारची पाण्याची बारी काही सुटली नाही. आणि मग एका डिसेंबरात क्लबाच्या कोचचा, दर ऑगस्टात यादी धाडणाऱ्या पेक्काचा, आप्पांना फोन आला. मार्चमध्ये एडमंटनला होणाऱ्या मुलांच्या एका स्पर्धेचं आमंत्रण त्यांना मिळालं होतं. इकडे हॉकीत अशी पद्धत आहे की बाहेरगावची पोरं हॉटेलात उतरत नाहीत, स्थानिक कुटुंबांत राहतात. त्याला बिलेट म्हणतात. पण हॉकीवाल्या घरांत आधीच दुसरे संघ उतरणार होते. आप्पांना कुठे घरं मिळतील का, असं पेक्का विचारत होता. आणि त्याने हेही साफ सांगितलं होतं की यंदा निम्मी पोरं केवळ या कॅनडाच्या सहलीसाठी संघात थांबली आहेत. सहल रद्द झाली, किंवा फसली, तर पुढच्या ऑगस्टात यादी पुरणार नाही.

आप्पा त्या आठवड्यात नीट जेवले नाहीत, असं काकू म्हणाल्या.

महाराष्ट्र मंडळाच्या संक्रांतीला तिळगूळ वाटून झाल्यावर आप्पा माइकपाशी गेले. "प्रत्येक घराने दोन पोरं घ्यायची. पाच दिवस."

हॉलमध्ये कुजबुज सुरू झाली. एक डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "आप्पा, वी आर प्युअर व्हेजिटेरियन. हॉकीची मुलं आहेत ती, त्यांना मीट लागत असेल ना?"

"पाच दिवस वरणभात खाऊन कोणी मेलेलं नाही, वहिनी. आपण जन्मभर खाल्लाय."

"आमचं बेसमेंट अजून अनफिनिश्ड आहे हो," कोणी म्हणालं. कोणाला वीकएंडला काम होतं, कोणाच्या घरी बाळ लहान होतं. आप्पांनी माइक जवळ ओढला. मग म्हणाले, "मी तिकडे गेलो तेव्हा मला कोणी विचारलं नाही तू काय खातोस, तुझा देव कोणता. हातात पाइप दिला आणि घरात घेतलं. ते मला फेडता आलेलं नाही. तुम्ही हो म्हणालात तर फिटेल. नाही म्हणालात तरी तिळगूळ घ्या, गोड बोला." आणि त्यांचा आवाज चिरकला. इतक्या वर्षांत मी तो तसा कधी ऐकला नव्हता.

तेवढ्यात मागच्या रांगेतून काकू उठल्या. "आमच्याकडे चार," त्या म्हणाल्या. "शिवाय तो पेक्का." मग मिलिंदने माझ्याकडे न बघताच हात वर केला. मग त्या डॉक्टरीणबाईंनी. घरं मिळाली.

मार्चमध्ये पोरं आली. उंच, गोरी, लाजाळू, आणि बोलण्याच्या बाबतीत पूर्ण कंजूष. आमच्याकडे एतू आणि त्याचा एक मित्र उतरला. एतू डिफेन्समध्ये खेळायचा. मी विचारलं, "प्रवास कसा झाला?" तो विचार करून म्हणाला, "लाँग." मी विचारलं, "खोली आवडली?" तो म्हणाला, "यस." संपलं संभाषण.

आता मराठी घरात न बोलणारा पाहुणा आला तर आपण काय करतो? वाढतो. शनिवारी दुपारी पहिला सामना होता आणि सकाळी अकरा वाजता, एकमेकींना न विचारता, मंडळातल्या जवळजवळ सगळ्या बायकांनी पुरणपोळीचा घाट घातला होता. परदेशी पोरं, पहिल्यांदा घरी आलेली, त्यांना काय ब्रेडबटर द्यायचं? मी पहिली पोळी वाढली, वर तुपाची धार. एतूने ती मुकाट्याने संपवली. ताट रिकामं झालेलं बघून माझं मन भरून आलं. मी दुसरी वाढली. तीही संपली. तिसरी. चौथी. एतूच्या कपाळावर घाम आला होता. मला वाटलं, पोराला किती दिवसांची भूक आहे बिचाऱ्याला! मी मिलिंदला खुणेने सांगितलं, आणखी तूप आण.

सामन्याचा स्कोअर मी लिहिणार नाही, काकूंनी तशी शपथ घातली आहे. निळ्या जर्सीतली ती पोरं बर्फावर अशी फिरत होती, जणू श्राद्धाचं जेवण उरकून ब्राह्मण घरी निघालेत. एतू एकदा पडला तो बराच वेळ उठलाच नाही. मला वाटलं लागलं. तो नुसता निवांत पडला होता. आम्ही सगळे मंडळवाले स्टँडमध्ये "कम ऑन! कम ऑन!" ओरडत होतो आणि आप्पा दोन्ही हात मांडीवर ठेवून समोर बघत बसले होते. चाळीस वर्षं ज्या जर्सीची वाट पाहिली, ती त्यांच्या डोळ्यांदेखत अशी आडवी होत होती.

सामना संपल्यावर पेक्का आला. चेहरा दगडाचा. "फूड वॉज व्हेरी गुड," तो म्हणाला. मग जरा थांबून, "टू मेनी टाइम्स गुड."

"दे कुड से नो!" मी म्हणाले.

पेक्का गोंधळला. "नो? बट इट वॉज ऑन द प्लेट."

आणि तिथे आप्पांनी कपाळावर हात मारून घेतला. झालं होतं असं, की तिकडे ताटात वाढलेलं टाकणं हा यजमानाचा अपमान. आणि आपल्याकडे रिकामं ताट दिसलं आणि वाढलं नाही तर यजमानाची अब्रू गेली. पोरं शिष्टाचार म्हणून संपवत होती, आम्ही शिष्टाचार म्हणून वाढत होतो. दोन्हीकडची माणसं सभ्य, त्यामुळे थांबणार कोण?

"अगं, मला ठाऊक होतं हे!" आप्पा म्हणाले. "तोइवोच्या घरी पहिल्यांदा जेवलो तेव्हा बास म्हणून मी ताटात दोन बटाटे ठेवले. त्याची बायको उठून आत गेली. रडत होती. मला ठाऊक होतं, आणि आनंदाच्या भरात विसरलो बघ." ते एकदम हसायला लागले. त्यांना बघून पेक्काही हसला, म्हणजे त्याच्या ओठाचा एक कोपरा हलला.

संध्याकाळी काकूंनी घरोघर फोन केले. हुकूम असा: सामन्याआधी मऊ वरणभात आणि एक केळं. पोळीला सामना होईपर्यंत हात लावायचा नाही. आणि पोरांना शिकवायचं, की पुरे झालं की ताटावर आडवा हात धरायचा. रविवारी सकाळी एतूने वरणभात संपवला, माझ्याकडे बघितलं, आणि अतिशय गंभीरपणे ताटावर हात आडवा धरला. मग लाजत म्हणाला, "बास?" मी त्याला मिठीच मारणार होते.

रविवारचा सामना ते थोडक्यात हरले. सोमवारचा बरोबरीत सुटला. आणि शेवटचा सामना, मंगळवारी संध्याकाळी, ते जिंकले. कॅल्गरीहून आलेल्या संघाला हरवलं. मंडळाने गणपतीतल्या झांजा आणल्या होत्या. शेवटचा गोल बेकरीवाल्याच्या नातवाने केला, डावखुऱ्या फटक्याने. आप्पा उभे राहून "घराणं आहे! घराणं आहे!" असं ओरडत होते आणि शेजारचा कॅनेडियन माणूस, काही न कळता, त्यांना टाळ्या देत होता.

दुसऱ्या दिवशी पोरं परत जाणार होती. सामन्यानंतर, जेवणाआधी आप्पांनी सगळ्यांना मागच्या अंगणात बोलावलं. मार्च असला तरी रिंक अजून धरून होती. आप्पांनी पाइप आणला. काही न बोलता तो एतूच्या हातात दिला. एतूने आप्पांकडे बघितलं, रिंककडे बघितलं, आणि पातळ धार सोडत मागे मागे चालायला लागला. त्याला काही शिकवावं लागलं नाही. मग दुसऱ्याने पाइप घेतला, मग तिसऱ्याने. सगळ्यांची बारी झाली. मी आप्पांच्या शेजारी उभी होते. ते रडत होते आणि डोळे पुसायचं त्यांच्या लक्षातही नव्हतं.

"आता यांचंही गाव झालं हे," ते म्हणाले. मग पोळ्या झाल्या, आणि त्या रात्री कोणीही ताटावर हात आडवा धरला नाही.

त्या ऑगस्टातलं वाचन मला नीट आठवतं, कारण आप्पांनी कागद दोनदा खाली ठेवला. आमच्याकडे आलेली, वयात बसणारी सगळी पोरं यादीत होती. एकही गेलं नव्हतं. शिवाय काही नवी नावं होती, त्याच आडनावांची. धाकटे भाऊ! घरी जाऊन थोरल्यांनी काय सांगितलं कोण जाणे. आतून काकूंनी विचारलं, "पुरतात का?" आप्पांनी नुसती मान हलवली, आणि ती काकूंना दिसत नव्हती, म्हणून मीच ओरडले, "पुरतात हो काकू!"

आप्पा त्यानंतर तीन हिवाळे होते. शेवटच्या हिवाळ्यात ते खिडकीत बसून आम्हाला सूचना द्यायचे. काचेतून आवाज येत नसे, पण हातवाऱ्यांवरून कळायचं, पातळ, पातळ. वसंतात, रिंक वितळून अंगणात गवत दिसायला लागल्यावर, एका दुपारी जेवून आरामखुर्चीत बसले ते उठले नाहीत. मला फार रडू आलं. बाप गेल्यासारखं वाटलं. पण खोटं कशाला बोलू, वाईट वाटण्यापेक्षा भरून आल्यासारखंच जास्त वाटलं. ज्या माणसाला हवं ते बघायला मिळालं, त्याच्यासाठी किती हळहळायचं?

ऑगस्टात काकूंचा फोन आला. "यादी आली असेल गं. ये. मला ते कॉम्प्युटरचं जमत नाही."

मी इस्त्रीचा कुर्ता घालून गेले. आप्पांच्या शेजारच्या खुर्चीत बसले, घसा साफ केला, आणि आधी गोली वाचले. उच्चारांचे असे काही हाल केले की आप्पा ऐकते तर कागद ओढून घेते. कागदाच्या कोपऱ्यात, लहान मुलांना स्केटिंग शिकवणाऱ्यांत, एतूचं नाव होतं. फॉरवर्डमध्ये बेकरीवाल्याचं आडनाव होतं. आणि मधेच दोन नावं अशी आली की ती मला अडखळल्याशिवाय म्हणता आली. एक यूसुफ आणि एक अहमद. कुठून कुठून येऊन त्या गावात राहिलेल्यांची मुलं असणार. 'बाहेरून आलेले' म्हणायला माझी जीभ वळेना. त्यांच्याही हातात कोणीतरी पाइप दिला असेल. त्यांचं घराणं आता सुरू होतंय.

शेवटचं नाव संपलं. आत शिरा ढवळायचा आवाज थांबला.

"पुरतात का?"

"पुरून उरतात, काकू."

काकूंनी गॅस बंद केला. पदराला हात पुसत त्या दारात आल्या आणि माझ्या शेजारच्या रिकाम्या खुर्चीकडे बघून म्हणाल्या, "ऐकलंत?"